डावीकडून तिसरं प्रेत

सिनेमा सतराशे दहा सालच्या प्लेगचा.
आमच्याच एस्टोनियन बेटावर काढला, आमच्याच चिखलात,
म्हणून पहिला खेळही इथेच, सांस्कृतिक भवनात:
एकशे चाळीस खुर्च्या, त्यातल्या नऊ मोडक्या,
आणि प्रोजेक्टरपाशी मी.

गोष्ट एका थडगी खणणाऱ्याची.
मुडद्यामागे एक तांब्याचं नाणं, असा करार.
मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो म्हणावं
तर लोणी कुठलं, गावात गाय उरलेली नाही.
साथ ओसरू लागते तशी त्याची झोप उडते.
मग तो खोकणाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहतो,
मापाची दोरी मागे लपवून,
आणि अदबीनं विचारतो,
"घाई नाही, पण साधारण कधी?"

इथे पहिलं हसू फुटलं. मागच्या रांगेत, अर्थात.
पुढे पाद्रीणबाई बसल्या होत्या.
पण जुळी बाळं एक धरायची की दोन
यावर पडद्यावरचा पाद्री घासाघीस करू लागला
तेव्हा त्याच सगळ्यांत आधी हसल्या,
आणि मग बराच वेळ पर्समध्ये रुमाल शोधत राहिल्या.

जिवंतांची कामं ताल्लिनच्या नटांना,
मेलेल्यांची आम्हाला.
तासाला आठ युरो, वर वाटाण्याचं गरम सूप.
त्यामुळे खड्ड्याचा प्रसंग आला तशी भीती राहिली बाजूला,
माणसं बोटं दाखवू लागली:
ती बघ टपालवाली, तो बघ उर्मास,
अरे, त्याचं घड्याळ काढायचं राहिलं!

आणि डावीकडून तिसरा, हेल्दुर.
ऑक्टोबरची थंडी. प्रेताची छाती वर जाते, खाली येते,
नाकातून वाफ निघते, चहाच्या किटलीसारखी.
सगळं सभागृह लोळायचं बाकी.
"अरे मेल्या, नीट मर की!" कोणीतरी ओरडलं.

मग ते हसू एकेका रांगेत विझत गेलं,
ज्याला जसं आठवलं तसं.
हेल्दुर फेब्रुवारीत गेला.
गॅरेजमध्ये, ट्रॅक्टरखाली, रेडिओ चालू.
दोन तास कुणाला कळलं नाही,
कारण तो नेहमीच तसा पडलेला असायचा.

चौथ्या रांगेत वाइके, त्याची बायको,
पुढे झुकून ओठ हलवत होती.
मला वाटलं प्रार्थना करतेय.
मोजत होती.

नंतर ताल्लिनहून आलेल्या एका समीक्षकानं
विचारलं, ही इतिहासाची थट्टा नाही का?
लूले म्हातारी म्हणाली,
"माझ्या गोठ्यामागच्या शेतात आम्ही बटाटे लावत नाही.
का, ते आजीनं सांगितलं नाही, तिला तिच्या आजीनं नाही.
तीनशे वर्षं गप्प बसलोय, साहेब.
आता जरा हसू द्या."
त्यानं ते वहीत लिहून घेतलं, लूलेचं नाव चुकवून.

सगळे गेल्यावर वाइके जिना चढून वर आली.
"पाच श्वास आहेत," म्हणाली. "परत लाव. आवाज नको."
मी लावलं. परत लावलं.
सातव्यांदा ती खुदकन हसली,
"साधं मरायला सांगितलं होतं याला."

वसंतात दुरुस्त केलेली प्रत आली.
दिग्दर्शिकेनं चिठ्ठी जोडली होती: श्वासाची चूक काढून टाकली आहे.
खरंच काढलीय. हेल्दुर आता अगदी चोख मेलेला दिसतो.
राजधानीत म्हणे त्या प्रसंगाला लोक किंचाळतात.

जुनी प्रत मी परत पाठवली नाही.
विचारलं तर सांगेन, उंदरांनी खाल्ली.

वाइके गुरुवारी येते, खेळ नसतो त्या दिवशी.
तिकीट राहू दे म्हणतो मी, दर वेळी,
आणि दर वेळी ती गंभीर चेहऱ्यानं
माझ्या टेबलावर एक सेंट ठेवते,
तांब्याचा.
"एकाचे एवढेच ना?" म्हणते,
आणि खुर्ची ओढून बसते.