डावं मनगट

नेरूळला आमचं एक्स-रे सेंटर तळघरात आहे,
खिडकी नाही, पंखा आवाज करतो.
मंगळवारी सकाळी बस आली. तेवीस मुलं,
सगळ्यांचे निळे ट्रॅकसूट एकाच मापाचे,
कुणाला ढगळ, कुणाला आखूड,
पाठीवर देशाचं नाव, अजून नुसतं उसनं दिलेलं.

मी म्हणते, डावा हात. पालथा ठेव. बोटं जरा फाकव.
श्वास रोखू नकोस, छातीचा नाही काढत.
तरी रोखतातच.

आयझॉलचा लालरेमा हात मांडतो
पेनल्टीला बॉल मांडावा तसा:
ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो.
गोव्याच्या जोवितोला विचारायचं असतं, दुखेल का.
मणिपूरचा एक काहीच विचारत नाही,
त्याच्या नखांत कालच्या मैदानाची माती.

पडद्यावर मनगट उगवतं.
ओढ्यातून वेचून आणलेले आठ खडे,
आणि लांब हाडाच्या टोकाशी एक काळी फट.
फट आहे म्हणजे मुलगा अजून वाढतोय.
बुजली की घरी.
सोळाखालच्या संघात आधी त्या फटीला जागा मिळते,
मुलाला नंतर.

बिपिन सर बाहेर बाकावर चहा पीत होते.
म्हणाले, मॅडम, ही टीम कप आणायला नसते.
दहा वर्षांनी मोठ्या टीमला जे लागणार
ते आत्ता इथं मुरत घालायचं.
तेवीसातले तीन मुरले तरी पुष्कळ.
बाकीचे? मी विचारलं.
त्यांचा चहा संपला होता.

अठरावा दर्शील तांडेल, दिवाळे गाव.
इथून रिक्षानं साठ रुपये.
सगळ्यांत जवळचा, म्हणून त्याचीच आई आलेली,
बाजार अर्ध्यावर टाकून,
पाटी शेजारणीच्या हवाली करून.

फट नव्हती.
कोन बदलून मी पुन्हा काढला, जे करायचं नसतं.
तीच पांढरी रेघ,
ओहोटीनंतर धक्क्याच्या भिंतीवर राहते तशी.

"पंदराच वर्साचा हाय गो बाय," आई म्हणाली,
"उधानाचे राती झाला. दाखला हाय ना."
दाखला खरा असेल. हाडही खरंच असेल.
काही मुलं लवकर भरतात, म्हणतात डॉक्टर,
आणि तरीही सही करतात.
मी काढते फक्त. वाचायचं काम माझं नाही.

माझा स्वतःचा वाढदिवस एक जून.
गुरुजींनी दारातच लिहून टाकला,
वर्गातल्या निम्म्या पोरांचा लिहिला तसाच.
बाबा म्हणाले, बरं झालं, लक्षात राहील.
माझं मनगट कुणी काचेवर ठेवलं असतं
तर मला कुठल्या इयत्तेत बसवलं असतं, कोण जाणे.

संध्याकाळी बस बावीस जणांना घेऊन
खारघरच्या मैदानाकडे गेली.
हा पायऱ्यांवर बसून ट्रॅकसूटची घडी घालत होता,
बाहीवर बाही, चेन वर ओढून,
दुकानात परत करायचा असावा तशी.
आई म्हणत होती, चल, बर्फ वितळला असेल.

"ताई, तो फोटो मिळेल?"
देत नाहीत. मी दिला.
त्यानं तो रस्त्यावरच्या दिव्यासमोर धरला,
स्वतःचा हात त्याच्यावर ठेवून पाहिला,
बोटाला बोट जुळवलं.

"हाड बंद झालं म्हणजे पक्कं झालं ना?
म्हणजे कितीही जोरात आला तरी
मनगट मागं वाकणार नाही?"

गोलकीपर आहे तो,
हे मला तेव्हा कळलं.
फॉर्मवर तो रकानाच नव्हता.