तीन मिनिटं

असोसिएशनचा फोन आला.
रविवारी सकाळी दहाला, स्टेडियमच्या मागच्या हॉलमध्ये,
लहानू सरवदेंची शोकसभा.
तुम्ही त्यांचे कॅचर ना? मग बोला काहीतरी.
तीन मिनिटं.

बरं म्हटलं
आणि उजव्या हाताची करंगळी चोळत बसलो.
मार्गशीर्ष लागला की ठणकते ही.

एकोणऐंशी साल. खडकीचं मुरमाड मैदान.
त्याच्या डाव्या हातातून सुटलेला चेंडू
थेट यायचा, आणि होम प्लेटजवळ ऐन वेळी
मान खाली घालून निघून जायचा,
रस्त्यात ओळखीचं कोणी दिसल्यावर माणसं जातात तसा.
बॅटर हवेला मारायचा.
मी एकदाच चुकलो. तो हा सांधा.
धावत आला, बोट धरलं, ओढलं, कट्‌ वाजलं.
म्हणाला, लोखंड असतं तर लेथवर सरळ करून दिलं असतं.
वाकडंच राहिलं.

दारूगोळा कारखान्यात त्याची पहिली पाळी.
भोंगा झाला की बोपोडीवरून सायकल मारत यायचा,
नखांत काळं तेल, डब्यात उरलेली अर्धी भाकरी.
दिवसाला दीडशे चेंडू.
त्याच्या तळव्याचा घाम शिवणीवरून माझ्या तळव्यात.
चेंडूला कधी विटाळ झाला नाही.
झाला तो कपाला.

नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या.
आई त्याच्यासाठी पोहे करायची, वर ओलं खोबरं,
मनापासून. हे सांगितलं पाहिजे, मनापासून.
आणि खिडकीत एक कप, निळ्या फुलांचा,
कान तुटलेला.
चहा झाला की तो स्वतःच उठून मोरीत विसळायचा,
पुन्हा खिडकीत उपडा घालायचा.
कुणी सांगावं लागलं नाही.
असू दे रे, मी म्हणायचो.
काय असू दे म्हणत होतो मी,
अजून कळलेलं नाही.

निवडीच्या दिवशी
समितीतले एक सद्गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले,
आमचं काही नाही हो,
पण बाहेरगावी एका खोलीत राहायचं, एका पंगतीला जेवायचं,
मुलांच्या मनाचा विचार करावा लागतो.
शिवाय ह्यांना काय, सगळीकडे जागा राखूनच असतात.
दोघं-तिघं हसले.
दार उघडं होतं.
बाहेर बाकावर लहानू बुटाची नाडी बांधत होता.
बराच वेळ बांधत होता.

मुलं म्हणजे मी.
माझं मन कुणी विचारलं नाही
आणि मी आपण होऊन सांगितलं नाही.
ग्लोव्हला तेल लावत होतो.

आमच्या खुणा ठरलेल्या होत्या.
एक बोट, सरळ. दोन, वळणारा. मूठ, संथ.
मांड्यांच्या आड, त्याच्या एकट्याला दिसतील अशा.
मी आहे,
ह्याला खूण ठरवायची राहून गेली.

मग सरावाचा सामना, निवडलेला संघ विरुद्ध कारखाना.
पिचर तो. बॅट घेऊन समोर मी.
त्याचे सगळे चेंडू मला पाठ,
आणि मला ते पाठ आहेत हे त्याला.
त्यानं तिन्ही सरळ टाकले.
मधोमध, पोरानंही मारावेत असे.
तिन्ही मी बघत राहिलो.

बाहेर जाताना एवढंच विचारलंन,
बोट कसंय?

परवा हॉलमध्ये फोटोला हार असेल.
मैदानावर जात नसते, असं कुणीतरी म्हणेलच,
चांगल्या आवाजात म्हणेल,
टाळ्या द्यायच्या नाहीत हे विसरून लोक टाळ्या देतील.
मग माझं नाव पुकारतील.

काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, फाडलं.
माईक धरला की करंगळी मिटत नाही,
बाहेरच राहते, कुणाला तरी खुणावल्यासारखी.
या वेळी ती मांडीआड नसेल.
खूण कसली, हे विचारलंच कुणी
तर तीन मिनिटं पुरणार नाहीत.