सत्तेचाळिसावा रेणू

तू जन्मलास तेव्हा नुसता चिकट होतास,
फ्लास्कच्या बुडाशी शिळ्या मधासारखा,
तीन दिवस स्फटिक व्हायला तयार नाही.
मी वहीत लिहिलं: सत्तेचाळीस. पिवळसर. हट्टी.
खिडकीबाहेर गॉलवेचा वारा
सायकली एकेक करून आडव्या पाडत होता.

काम तुला माहीतच आहे.
क्लोराइडचा एक कण
चरबीच्या पडद्यापलीकडे पोचवायचा.
पडदा दोन रेणूंच्या जाडीचा,
पण त्या कणाला तो डोंगर:
त्यानं अंगावर पाणी पांघरलेलं,
आणि चरबीपुढे पाणी म्हणजे
आळवावरचा थेंब, घरंगळणारच.

म्हणून तुझ्या पोटाशी मी दोन हात बसवले,
टोकाला हायड्रोजन असलेले,
आणि पाठीवर लांब तेलकट केस.
त्याचं पांघरूण काढून घे,
त्याला पोटाशी धर, पाठ चरबीकडे कर,
आणि जा.
येताना आतला नायट्रेट घेऊन ये.
रिकामी खेप परवडत नाही.

तुझ्या आधीचा एकतिसावा
मीठ खाल्लं आणि मिठाला जागला,
इतका, की पलीकडे पोचूनही मूठ उघडेना.
आलेखावर रेघ सरळ,
बापाच्या भाषेत सांगायचं तर, मेलेल्या समुद्रासारखी.

बाप म्हणजे कोलमन, इनिश मानचा.
बेटाला तेव्हा मोठा धक्का नव्हता,
आगबोट खोल पाण्यात थांबायची
आणि गायी पोहत न्याव्या लागायच्या.
डांबर फासलेल्या कापडी नावेच्या शेपटाशी बसून
तो गाईचं मुस्कट पाण्याच्या वर धरायचा,
तिच्या कानात काहीबाही बोलत.
सांगायचा, धरायला कुणीही शिकवतं गं.
पोटाखालून पट्टा गेला, वरून दोर ताणला,
की सोड. त्याच क्षणी.
एकदा त्यानं नाही सोडलं.
गाय वर गेली, तिच्याबरोबर बापही,
बूट मात्र समुद्रात.
तो बूट आमच्या घरात
पन्नास वर्षं बुडतोच आहे.

तुझे हात मी थोडे सैल केले.

पहाटे दोन चाळीसला
चरबीचे फुगे काचेच्या नळीत, प्रत्येकाच्या पोटात
निळसर हिरवा उजेड.
क्लोराइड आत शिरला की हा उजेड मरतो,
म्हणून आम्ही अंधाराची वाट बघणारी माणसं.
तुझा एक थेंब टाकला.
रेघ दचकली, मग उतरू लागली,
जिना माहीत असलेल्या माणसासारखी.
चार मिनिटं.
मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच,
आणि मग फ्रिजची घरघर ऐकू आली.

सकाळी हॉस्पिटलात ओरान जागाच होता.
माझा धाकटा भाऊ. छत्तीस वर्षांचा.
सगळ्यांच्या पेशींना मिठासाठी एक दार असतं,
त्याच्या पेशींना दाराची चौकटही नाही,
म्हणून नवी औषधं, जी दारं दुरुस्त करतात,
त्याच्याकडे बघून पुढे जातात.
विझलं? त्यानं विचारलं.
चार मिनिटांत.
फुग्यात?
फुग्यात.
तो हसला, हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याचं बराच वेळ काहीच होईना.

खऱ्या पेशींच्या ताटलीत
दुसऱ्या दिवशी तू काय करून ठेवलंस
ते मी त्याला सांगितलं नाही.
त्यानंही विचारलं नाही; तो कोलमनचा मुलगा,
किती वेळ धरायचं ते त्याला कळतं.
औषधाच्या खोक्याच्या मागे
मी अठ्ठेचाळिसावा काढून दाखवला.
केस जरा कमी कर, तो म्हणाला,
न्हाव्यासारखा मान कलती करून.

पूर्वी म्हणत, ज्या बाळाच्या कपाळाला चव मिठाची
त्याचा पाळणा फार दिवस हलत नाही.
तो छत्तीस वर्षं हलतोय, कुरकुरत.
निघताना मी वाकले.
खारट.
पार्किंगपर्यंत
ओठ पुसले नाहीत.