पार्सली मागायची नसते

कीथलीच्या वरच्या अंगाला, रुळांच्या मागे
भाजीपाल्याला भाड्यानं मिळतात तसले तुकडे.
माझा सतरा नंबर. अठरा
क्लिफर्ड सग्डेन यांचा, वय शहाऐंशी,
म्हणजे खरं तर एनिडचा. ती जाऊन चौथं वर्ष,
पण पाटीवर खडूनं अजून तिचंच नाव.
पाऊस पुसतो, ते पुन्हा लिहितात.

एनिडची पार्सली गुडघ्याएवढी, कुरळी, काळपट हिरवी.
कोथिंबिरीची गोरी मावसबहीण, म्हटलं,
आणि पहिल्याच उन्हाळ्यात वरणावर भुरभुरायला
चार काड्या मागितल्या.
सग्डेन दचकले.
पार्सली मागत नाहीत, लव्ह. देतही नाहीत.
दिली तर घरातलं कुणीतरी तिच्यासोबत जातं.

मला हसू आलं नाही.
आमच्या मिरजेत मीठ हातावर देत नाहीत,
वाटी खाली ठेवतात, ज्याची त्यानं उचलायची.

मग तारेच्या कुंपणावरून कळत गेलं:
बी पेरायचं गुड फ्रायडेला,
सरीत थेट किटलीतलं उकळतं पाणी ओतून.
उगवायच्या आधी ते नऊ वेळा सैतानाकडे जाऊन येतं,
म्हणून एवढा उशीर.
गांधीलमाशी चावली, पाला चुरडून लाव.
लघवीला जळजळतंय, देठांचा काढा.
पान्हा आटवायचाय, ठेचून बांध.
आणि ज्या घरात बाईचं चालतं, तिथेच ती माजते.
माझं कधीच चाललं नाही, हे सांगताना ते खूश.

लोकरीच्या गिरणीतल्या पोरी यायच्या, मागच्या दारानं,
भोंगा झाल्यावर.
एनिड म्हणायची, क्लिफर्ड, कोंबड्या बघून ये.
कोंबड्या नव्हत्याच आमच्याकडे.
मी गल्लीच्या टोकाला उभा राहायचो, एक सिगारेट, कधी दोन.
आत किटली शिटी घालायची.

आणि इथे पोरांना सांगतात,
बाळ पार्सलीच्या वाफ्यात सापडतं.
पंचावन्न वर्षं खणला वाफा, ते म्हणाले,
आणि फावड्याची माती खरवडत बसले
बराच वेळ, माती निघाल्यावरसुद्धा.

मी पांढऱ्या कोटात असले की ओळख दाखवत नाहीत.
औषधांच्या काउंटरवर पिवळं पुस्तक सरकवतात.
वॉरफरिन: निळी एक, तपकिरी एक.
आकडा हवा अडीच, आलाय एक पॉइंट चार.
रक्त घट्ट होतंय, मिस्टर सग्डेन. काय खाता?
हॅम. बटाटे. तिचा तो पांढरा सॉस.
त्यात पार्सली किती?
मूठभर. रविवारी दोन.
काही दिवशी विचारू नकोस.

हिरवा पाला टाळा, असं सांगायचं असतं.
जिभेवर आलंही होतं.
मी म्हणाले, रोज खा, पण रोज सारखीच. मोजून.
डॉक्टरांना कळवते, गोळीच तिच्या मापानं बसवू.
त्यांनी पेन मागून घेतलं, मागच्या पानावर लिहिलं:
रोज एक मूठ.
जरा थांबून, खाली:
एनिडची मूठ, माझी नाही.

गेल्या सप्टेंबरात ते शिप्लीला गेले, जिने नसलेल्या घरात.
वाफा नेता येत नाही. उपटून दुसरीकडे लावली
तर लावणारा मरतो.
जायच्या आदल्या दिवशी आले,
बियांवर आलेल्या झाडांपाशी थांबले, मोठ्यानं म्हणाले,
आता मी रुळांकडे तोंड करून उभा राहणार आहे,
लीड्सची गाडी जाईपर्यंत.

मी मनी प्लँट चोरूनच लावणाऱ्या मुलखातली.
गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ओरबाडून भरलं,
पोरांना उघडू नये तसल्या झाकणाची बाटली.
गाडी गेली. ते वळले.
माझ्या खिशाकडे बघितलं नाही.

गुड फ्रायडेला पेरलं. किटली ओतली.
आज पाचवा आठवडा, वाफा काळाभोर.
रविवारी फोन येतो.
दुकानातली खातोय, चव नाही तिला, पण मूठ तीच.
तुझी कितीदा जाऊन आली?
सात, मी सांगते.
ते म्हणतात, माझा दोन पॉइंट सहा.