अंड्यांची वही

स्टोअररूमच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली
ती वही अजून आहे माझ्याकडे.
डावीकडे तारीख, उजवीकडे अंडी.
ज्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत पाच गोल खाल्ले
त्या वर्षाची पानं कोरी.
मग एकदम एक पान येतं,
बावीस पोरं, चव्वेचाळीस अंडी,
आणि खाली भैयासाहेब लांजेवारांची सही,
ट्रकच्या पावतीवर करतात तशी, घाईची.

उमरेड रोडला त्यांचे साठ ट्रक, कोळशाचे.
एकोणनव्वदला इथंच शिकले, टीममध्येही होते,
राखीव गोलकीपर.
तीन वर्षं बेंचावर.
हे त्यांनी सांगितलं नाही कधी.
ऑफिसातल्या जुन्या फोटोत मी पाहिलं,
मागच्या रांगेत, टोकाला,
अर्धा चेहरा फ्रेमच्या लाकडाखाली.

पैसा आला की आधी काय बदलतं?
लोकांना वाटतं, बूट.
नाही. आधी आवाज बदलतो.
दोनाचे वीस चेंडू झाले की
नाल्यात गेलेल्या चेंडूमागे
शिव्या देत कोणी धावत नाही.
मग आलं मैदानाला पाणी, भर मे महिन्यात,
जेव्हा आमच्या वस्तीत टँकरला रांग होती.
मग दिवे. मग कामठीची तीन पोरं,
बी.ए.ला नाव, होस्टेल माफ.
त्यातला शादाब कॉर्नरवरून डाव्या पायानं
थेट जाळ्यात घालायचा
आणि लाजायचा.

ज्याची जागा गेली तो निरंजन उईके,
पाचगावहून सायकलनं यायचा, पॅन्टीला क्लिप लावून.
‘काका, अंडे मले बी भेटतीन ना?’
मी म्हटलं, यादीत नाव असलं तर.
यादी मी करत नव्हतो.
पण वही माझ्या हातात होती.

विद्यापीठाची ढाल सलग तीन वर्षं आमच्याकडे.
पेपरातल्या फोटोत प्राचार्य मधोमध,
ऑफसाईड म्हणजे काय हे त्यांना अजून माहीत नाही.
भाषणात म्हणाले, जिद्द.
मी मागं उभा राहून हिशेब करत होतो,
जिद्द, माणशी रोज दोन, उकडलेली.
गेटबाहेर हरलेल्या कॉलेजची पोरं
एका प्लेटीत तिघं तर्री-पोहे खात होती,
एकाच्या बुटाचा तळ सुतळीनं बांधलेला.
जिद्द त्यांच्यात कमी होती
असं काही मला दिसलं नाही.

त्या रात्री सगळे गेल्यावर भैयासाहेब आले,
गाडी गेटवरच थांबवून.
‘दिवे लाव रे डोमा. अन् ग्लोव्हज दे.’
पांढरा झब्बा, सुटलेलं पोट, गुडघ्याला पट्टा.
दोन खांबांच्या मधोमध वाकून उभे राहिले.
‘मार. जोरानं मार. दयामाया करू नको.’

कधीकाळी मी बरा मारायचो.
ठिपक्यावर चेंडू ठेवला.
उजवा कोपरा सताड उघडा,
स्टोअरच्या दारासारखा.
पण माझा पगार कॉलेजच्या पत्रकात नाही.
तोही त्यांच्याच चेकमधून निघतो,
अंड्यांच्या खाली, नळीच्या वर,
सातव्या ओळीत.

चेंडू त्यांच्या छातीवर गेला.
ते पडले, पोटाशी धरून,
आणि बराच वेळ उठले नाहीत.
लागलं असेल म्हणून धावलो
तर डोळे मिटून हसत होते,
झब्बाभर चिखल.
‘पाहिलं ना? एक मॅच तरी द्याले पायजे होती मले.’
मी म्हटलं, हो भैयासाहेब.

दिवे बंद केले. ग्लोव्हज वाळत घातले.
वही उघडून तारीख टाकली.
उजवीकडं काय लिहावं ते कळेना.
पुढच्या पानावर शंभर अंडी आहेत,
कारण त्यांनी दुसऱ्याच दिवशी रक्कम वाढवली.