टोकं

वूच. पोलिश भाषेत या नावाचा अर्थ नाव,
पाण्यावरची.
आणि नदी म्हणाल तर गिरण्यांच्या पोटाखाली
नळात कोंडलेली; मी तरी पाहिली नाही कधी.
धुराडी नुसतीच उभी आहेत, धुराशिवाय.
एका गिरणीत घरं झाली, एकीत सिनेमा,
तिसरीच्या मागे, ट्राम जिथे वळसा घेऊन परत फिरते,
तिथे आमची प्रयोगशाळा.

मी हाल्शका. कुप्या भरते, यंत्र लावते,
रात्री अकराला आकडे उतरवून घेते.

प्रथिनाची साखळी सैल असते सुरुवातीला,
नुकत्याच सोडलेल्या लडीसारखी.
मग घडी बसते, बहुधा नीटच.
एखादीची चुकते.
चुकलेली शेजारणीला आपल्या वळणावर नेते,
ती तिच्या शेजारणीला,
आणि तासाभरात धागा, धाग्याला धागा,
पीळ असा की सुंभ जळेल, हा नाही जायचा.

त्यावर आम्ही झाड सोडतो.
माणसानं बांधलेलं, डोळ्याला न दिसणारं झाड,
फांदीला दोन फांद्या, त्यांना पुन्हा दोन दोन;
एकेका फेरीला पिढी म्हणतात.
पानांच्या जागी धन भार.
चौथी पिढी जिवंत पेशीलाही बोचते,
म्हणून टोकांना साखर चढवतो,
बार्लीच्या मोडातली, बिअरवाल्यांची.

सोमवारी थोडंसं झाड घातलं.
धागा झाला की रंग हिरवा उजळतो;
उजळला,
झाड न घातलेल्या कुपीपेक्षा जास्त.
यारोग्न्येव चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
'तुटतोय गं. पण तुटला की टोकं वाढतात,
आणि प्रत्येक टोकाला नव्या साखळ्या येऊन चिकटतात.'

मला हे ठाऊक होतं.
बत्तीस वर्षं कताईखात्यात काढलेली माझी आई, गेनोवेफा,
मी लोकरीच्या गुंत्याला कात्री लावली तेव्हा
माझ्या हातावर चापट मारून म्हणाली होती:
'कापू नकोस. एकाची दोन टोकं होतात,
मग बस शोधत, कुठलं कुणाचं.'

गुरुवारी साखरेचं झाड, भरपूर.
रात्रभर रेघ आडवी. दोनला आडवी, चारला आडवी.
मी कुणाला फोन केला नाही.
सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर
धागे होतेच,
जाड, एकमेकांवर रेलून, गोळा होऊन पडलेले,
रंगाला आत शिरायला फट न ठेवता.
शेजारच्या पेशी मात्र जिवंत.
यारोग्न्येव म्हणाला, 'गेलं नाही. गप्प बसलं.'
वहीत कुठला शब्द लिहायचा
यावर आम्ही बराच वेळ भांडलो.

हे सगळं शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत.
कवटीत नव्हे.

आईला खिडकीजवळची खाट मिळाली आहे.
ती मला स्तेफ्का म्हणते; स्तेफ्का तिच्या साच्यावरची,
मी जन्मायच्या आधीच वारलेली.
मी दुरुस्त करत नाही.
काल तिनं माझ्या बाहीचे दोन सुटलेले दोरे
चिमटीत धरले,
न बघता गाठ मारली, एवढीशी,
कापडावर हात फिरवला तर लागणारही नाही,
आणि विचारलं,
'आज रातपाळी का गं तुझी?'

हो म्हटलं.
खरंच होती.