तीन हजारांच्या पुढे

कोट्काच्या वाचनालयात, तळघरात,
मंगळवारी सहा ते आठ. फी नाही.
एन्नी शिकवते. वय सव्वीस, एका कानात चार बाळ्या.
पहिल्याच दिवशी तिने पडद्यावर लाट आखली:
चढण, मग एकदम कडा. चढण, मग एकदम कडा.
"हिला करवत म्हणतात," ती म्हणाली.

मी हसलो. बाकीचे चौघे का हसले नाहीत
ते उशिरा लक्षात आलं.
त्यांनी चाळीस वर्षं लाकूड कापलं नव्हतं.

ओलं पाईन वेगळं रडतं, गोठलेलं वेगळं.
दात बोथट झाला की आधी सूर उतरतो,
जळका वास मागाहून येतो.
ही करवत मात्र काहीच कापत नव्हती,
भुसा न पाडता नुसती वाजत होती.

"एकटी बारीक वाटते," एन्नी म्हणाली,
"शेजारी दुसरी ठेवा, आणि तिला किंचित बेसूर करा."
किंचित म्हणजे किती?
"अर्ध्या सुराचे शंभर भाग. त्यातले सात."
दोन पात्यांमधली तेवढी फट
मी जन्मभर मिटवत आलो.
इथे ती उघडली
आणि आवाजाला खांदे फुटले.

मग उठाव: बोट पडताच नको,
जड दार ढकलत कुणी आत यावं तसा.
मग सोडणं. ते मी लांबच ठेवलं,
बोट उचललं तरी सूर जाईना,
निघालेला पाहुणा उंबऱ्यात
अजून एक गोष्ट सांगत राहतो तसा.

मला हवा होता एकोणऐंशीचा आवाज,
तळ्याकाठच्या लाकडी नाचघरातला.
बँडमधल्या पोराचं यंत्र तापलं की सूर सोडायचं,
आणि तो गाण्याच्या मध्येच
मान वाकडी करून बटण पिळायचा.

शेवटी गाळणी.
"उघडा," एन्नी म्हणाली. उघडत गेलो.
हजार. दोन हजार. तीन.
आवाज उजळत गेला आणि थांबला.
मी फिरवतच राहिलो, पाच, आठ, बारा,
काही होईना. वाटलं, बटण बिघडलं.
वळून पाहिलं तर चौघांनी कान झाकलेले,
ओस्मो तर खुर्ची सोडून दारापाशी.

एन्नीने काही विचारलं नाही.
पडद्यावर आलेख आणला:
डावीकडून उजवीकडे उभ्या रेघा,
ठेंगण्या होत गेलेली झाडं.
तीन हजारांच्या पुढचं रान मला दिसत होतं,
ऐकू येत नव्हतं.
ते मीच तोडलेलं. पाळीमागून पाळी,
कानातले बोळे खिशात ठेवून.

मग गाळणी आणून ठेवली
माझ्या ऐकण्याच्या कुंपणावर.
सगळे म्हणाले, वा, किती उबदार,
अगदी जुन्या यंत्राचा!
मी गप्प बसलो. कौतुक तेवढं घेतलं.

घरी राइलीला ऐकवला,
स्वयंपाकघरात, लॅपटॉप पावाच्या फळीशेजारी.
ती कॉफी गाळत होती.
"हा नव्हे," ती म्हणाली.
"त्याला वरून काहीतरी होतं. शेजारच्या घरात
कुणी चमचे आवरावेत, तसं.
तुझं लक्ष कुठे होतं?
तू माझ्या पायांवर पाय देत होतास."

मग तूच सांग, म्हटलं.
मी बटण धरलं. ती डोळे मिटून उभी.
तीन हजार. "अजून."
साडेतीन. "अजून थोडा."
माझ्यापुरतं केव्हाच सगळं सारखं झालेलं.
मी तिच्या भुवयांकडे पाहत फिरवत होतो.
"अजून... थांब. मागे घे. हं."

साठवताना ते नाव विचारतं.
मी आकडाच लिहिला: चार हजार सहाशे.

राइलीने हात पुसले.
"हा असाच धरून ठेवता येतो का,
तू इथे बसून न राहता?"
मी मिठाचा डबा उचलला
आणि पांढऱ्या पट्टीवर ठेवला.